दूरध्वनीचा मध्यस्थ

टेलिफोनचा शोध अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८७६ सालीं लावला, हें शाळेंतील कोणताही विद्यार्थी सांगूं शकेल. परंतु ज्या युक्तीमुळें हा शोध संसाराच्या उपयोगीं पडला, ती युक्ति निराळीच होती आणि तिचें श्रेय सहसा कोणी कोणास देत नाहीं. दोन यंत्रें एका तारेनें जोडलीं म्हणजे फार तर एक गंमत तयार होते. शंभर घरांना परस्परांशीं बोलावयाचें असेल तर गणित पालटतें. प्रत्येक घरापासून दुसऱ्या प्रत्येक घरापर्यंत स्वतंत्र तार न्यावयाची म्हटलें तर ४,९५० तारा लागतील. त्याऐवजीं सगळ्या तारा एका ठिकाणीं आणून तेथें एक माणूस बसविला कीं शंभर तारांत काम भागतें. ह्या ठिकाणाला एक्स्चेंज म्हणतात, आणि तेथें बसणारा, मग तो माणूस असो वा यंत्र, हाच टेलिफोनचा खरा मध्यस्थ होय. अमेरिकेंतील न्यू हेवन येथें २८ जानेवारी १८७८ रोजीं पहिलें व्यापारी एक्स्चेंज सुरू झालें. तेव्हांपासून टेलिफोनचा इतिहास हा बव्हंशीं ह्या मध्यस्थाचा इतिहास आहे.

तो कोठें बसला, कोणाच्या मालकीचा होता, आणि त्याच्या हातून कोणाला किती सोय मिळाली, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें दर पिढीला बदलत गेलीं. आज पुणें जिल्ह्यांतील माळेगांव बुद्रुकसारख्या गांवीं एखादी लहानशी कचेरी इंटरनेटवर चालणारी आपली स्वतःची टेलिफोन-व्यवस्था उभारते, तेव्हां जवळजवळ दीडशें वर्षें दूरच्या शहरांत बसलेला मध्यस्थ ती आपल्या दारीं आणून बसवीत असते. त्याच्याबरोबर त्याचीं कर्तव्येंही दारीं येतात. हीं कर्तव्यें कोणतीं, हें त्याच्या पूर्वचरित्रावरूनच नीट ध्यानांत येतें.

आपल्या देशांत हा मध्यस्थ प्रथम परदेशी कंपनीचा नोकर म्हणून आला. इंग्लंडांतील ओरिएंटल टेलिफोन कंपनीला १८८१ सालीं परवाना मिळाला व २८ जानेवारी १८८२ रोजीं कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील एक्स्चेंजें उघडल्याचें जाहीर झालें. न्यू हेवनच्या आरंभानंतर बरोबर चार वर्षांनीं मुंबईचा व्यापारी घरबसल्या बोलूं लागला. त्या काळच्या एक्स्चेंजची रीत अशी असे: ग्राहकानें यंत्राची मूठ फिरविली कीं एक्स्चेंजमधील फळीवर त्याच्या क्रमांकाचें लहानसें झांकण पडे. तेथील ऑपरेटर त्याच्या खोबणींत दोरीची खुंटी बसवी, कोण पाहिजे म्हणून विचारी, आणि दोरीचें दुसरें टोक हव्या त्या ग्राहकाच्या खोबणींत घाली. बोलणें संपलें कीं दोन्ही खुंट्या काढून घेई.

ह्या साध्या क्रियेंत पुष्कळ सत्ता सांठविलेली होती. कोण कोणाशीं किती वेळ बोलतो, हें ऑपरेटरला ठाऊक असे. कोणाची घंटा आधीं वाजवावी आणि कोणाला थांबवून ठेवावें, हेंही त्याच्याच हातीं असे. म्हणूनच १८८५ सालच्या तार-कायद्यानें दोन गोष्टी निश्चित केल्या. एक, तारायंत्र चालविण्याचा हक्क सरकारचा; इतरांस तो केवळ परवान्यानें मिळेल. दुसरी, खात्यांतील नोकरानें लोकांचा निरोप चोरून ऐकणें वा बाहेर फोडणें हा गुन्हा होय. टेलिफोनही ह्याच कायद्याच्या कक्षेंत आला. पुढें १९४३ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील कंपन्यांचीं एक्स्चेंजें सरकारनें आपल्या ताब्यांत घेतलीं आणि मध्यस्थ सरकारी नोकर झाला. इतक्या वर्षांनंतरही स्वातंत्र्याच्या वेळीं सबंध देशांत एक लाखाहून कमी टेलिफोन होते.

मध्यस्थ माणूस असावा कीं यंत्र, हा वाद मात्र त्यापूर्वींच सुरू झालेला होता. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रोजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीचें साहित्य व व्यवस्था पुरविण्याचा धंदा करीत असे. त्याच्या गिऱ्हाइकांचे फोन एक्स्चेंजमधून त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळविले जातात, असा त्याला संशय आला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यानें ऑपरेटरवांचून चालणाऱ्या एक्स्चेंजची योजना केली व १८९१ सालीं तिचें पेटंट मिळविलें. पुढच्याच वर्षीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट येथें तें एक्स्चेंज सुरू झालें. ग्राहकानें आंकडे पाठवावेत आणि त्या आंकड्यांच्या ठेक्यावर यंत्रानें पायरी पायरीनें चढून हवी ती तार गांठावी, अशी ती रचना होती. हिंदुस्थानांत पहिलें स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ च्या सुमारास सिमल्यास बसविण्यांत आलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. यंत्रानें ऑपरेटरचा पक्षपात घालविला, परंतु मध्यस्थ घालविला नाहीं. यंत्र कोठें ठेवावें, किती तारांचें ठेवावें आणि कोणत्या गांवाला जोडावें, हें ठरविणारा हात पूर्वींचाच राहिला.

ह्याचा प्रत्यय पुणें जिल्ह्याला जितका आला तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला आला असेल. जुलै १९२७ मध्यें हिंदुस्थान व इंग्लंड ह्यांच्या दरम्यान बीम पद्धतीचें बिनतारी तारायंत्र सुरू झालें. त्याचें प्रक्षेपण-केंद्र खडकीस होतें व ग्रहण-केंद्र दौंडास. त्याच महिन्याच्या २३ तारखेस मुंबईच्या नभोवाणी-केंद्राचें उद्घाटन झालें, हाही एक योग. पुढें १९३३ सालीं पुणें व लंडन ह्यांमध्यें बिनतारी टेलिफोन चालू झाला. दौंडाहून बारामतीस जाणारी आगगाडीची शाखा त्यापूर्वींच, १९१४ सालीं, तयार झालेली होती. तिची लांबी पुरती पन्नास किलोमीटरही नाहीं. म्हणजे सातासमुद्रांपलीकडचे निरोप हवेंतून दौंडास उतरत होते, आणि तेथून एका लहानशा आगगाडीच्या अंतरावर असलेल्या खेड्यांना मात्र शेजारच्या गांवीं निरोप पाठविण्यास माणूस किंवा पत्र हेंच साधन होतें. फेब्रुवारी १९७१ मध्यें ह्याच जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें, उपग्रहाशीं बोलणारें विक्रम भूकेंद्र उभें राहिलें. उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असल्यामुळें आवाजास वर जाऊन खालीं येण्यास पाव सेकंद लागे. प्रश्न व उत्तर ह्यांत अर्धा सेकंद निघून जाई. तरीही परदेशचें बोलणें स्पष्ट ऐकूं येऊं लागलें. मध्यस्थ जिल्ह्यांतच होता, पण तो जिल्ह्याचा नव्हता.

माळेगांव बुद्रुक हें गांव बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बुद्रुक म्हणजे थोरलें व खुर्द म्हणजे धाकटें, हे फारसींतून आलेले शब्द महाराष्ट्रांतील गांवांच्या जोड्यांना चिकटलेले आहेत. त्याप्रमाणें माळेगांव खुर्दही शेजारींच आहे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि ह्या कोरडवाहू टापूचें रूप बदललें. ऊंस आला, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी चळवळीच्या पहिल्या बहरांत माळेगांव सहकारी साखर कारखाना उभा राहिला. साखर कारखाना म्हटला म्हणजे तो बोलण्यावर चालतो. ऊंस तोडल्यावर तो लवकर गाळला गेला पाहिजे, नाहींतर त्यांतील साखर घटते. तेव्हां कोणत्या शिवारांत तोडणी चालू आहे, टोळी कोठें गेली, गाड्या कोठें अडकल्या, वजनकाट्यावर किती रांग आहे, हें सारें क्षणोक्षणीं कोणी तरी कोणास तरी सांगावें लागतें. पूर्वीं हें काम सायकलवरचा माणूस, चिठ्ठी आणि मुकादमाची हांक ह्यांवर चाले.

बाहेरगांवीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल लावावा लागे. सुशिक्षित घरांतील वडील मंडळींस तो अनुभव अजून विसरला नसेल. एक्स्चेंजला क्रमांक सांगून ठेवावयाचा आणि घंटेची वाट पाहत बसावयाचें. साधा, अर्जंट व लायटनिंग अशा त्याच्या पायऱ्या असत. जितकी घाई अधिक तितका दर अधिक. ठराविक व्यक्तीलाच बोलवावयाचें असेल तर पी. पी. कॉल. तीन मिनिटें झालीं कीं ऑपरेटरचा आवाज मध्यें येई आणि आईची प्रकृति विचारतां विचारतां वाक्य तुटे. कानपूर व लखनौ ह्या दोन शहरांत नोव्हेंबर १९६० मध्यें ऑपरेटरवांचून परगांवीं थेट फोन लावण्याची सोय प्रथम झाली. ती हळूहळू पसरत गेली, आणि प्रत्येक तालुक्याला आंकड्यांची एक ओळख मिळाली; बारामतीची ०२११२ ही त्यांतलीच.

खेड्यांच्या दृष्टीनें खरा पालट पुढें झाला. ऑगस्ट १९८४ मध्यें सी-डॉट ही संशोधन-संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेनें तिनें आपल्या हवामानास मानवेल असें लहान एक्स्चेंज तयार केलें. परदेशी एक्स्चेंजें हजारों तारांचीं, वातानुकूलित इमारतींत ठेवावयाचीं. हें मात्र १२८ तारांचें, एका लहानशा खोलींत धूळ व उकाडा सोसून चालणारें. त्यांतलें पहिलें १९८६ सालीं कर्नाटकांतील कित्तूर येथें बसलें. त्यामागोमाग चौकाचौकांत पिवळ्या पाटीचीं एस. टी. डी. केंद्रें निघालीं. ज्या गांवांत पोष्टांतला एकच फोन होता, तेथें पानाच्या दुकानाशेजारीं कांचेच्या खोलींत उभें राहून कोणीही मुंबईशीं बोलूं लागला. मध्यस्थ पहिल्यानेंच बुद्रुकाचा खुर्द झाला, आणि लहान होतांच तो गांवांत येऊं शकला. ह्या घटनेंतच पुढील कथेचें बीज आहे.

पुढील कथा इंटरनेटची. जुन्या पद्धतींत दोन माणसें बोलत असेपर्यंत त्यांच्यामध्यें एक सबंध वाट अडवून ठेवलेली असे. ते गप्प बसले तरी वाट अडलेलीच. नव्या पद्धतींत वाट अडवीत नाहींत. अलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्यानें १९३७-३८ च्या सुमारास आवाजाचे आंकडे करण्याची रीत शोधून ठेवली होती. सेकंदास ८,००० वेळां आवाजाची उंची मोजावयाची आणि प्रत्येक मोजणी आठ खुणांनीं लिहावयाची. म्हणजे सेकंदास ६४,००० खुणा होतात. ह्या खुणांचे तुकडे करून, एका सेकंदाचीं साधारण पन्नास पाकिटें बांधून, प्रत्येकावर पत्ता घालून तीं टपालासारखीं सोडून द्यावयाचीं. वाटेंत जीं पाकिटें भेटतील त्यांच्याबरोबर तीं जातात, पलीकडे पोंचल्यावर क्रमानें लावलीं जातात आणि त्यांचा पुन्हा आवाज होतो. डॅनी कोहेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७४ सालीं अमेरिकेंतील आर्पानेट ह्या संगणकांच्या जाळ्यावर हा प्रयोग करून दाखविला. १९९५ च्या फेब्रुवारींत व्होकलटेक ह्या इस्रायली कंपनीनें सामान्य माणसाच्या संगणकासाठीं त्याचें व्यापारी रूप बाजारांत आणलें.

योगायोग असा कीं त्याच वर्षीं, १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमनें आपल्या देशांत सार्वजनिक इंटरनेट-सेवेस आरंभ केला. परंतु तिच्यावरून बोलण्यास परवानगी नव्हती. कारण उघड होतें. परदेशच्या फोनचा दर फार मोठा होता व त्या उत्पन्नावर सरकारचीं खातीं अवलंबून होतीं. इंटरनेटवरून बोलणारा माणूस हा त्या जकातनाक्याला वळसा घालून जाणारा वाटसरू ठरत होता. १ एप्रिल २००२ पासून ही बंदी अंशतः उठली. संगणकावरून संगणकाशीं, तसेंच भारतांतील संगणकावरून परदेशांतील फोनशीं बोलण्याची मुभा मिळाली. देशांतल्या देशांत मात्र संगणकावरून साध्या फोनशीं बोलतां येत नव्हतें. म्हणजे बारामतीच्या विद्यार्थ्याला संगणकावरून न्यू जर्सींतील मामाच्या घरची घंटा वाजवितां येई, पण माळेगांवांतील आजीच्या घरची नाहीं.

ह्याच सुमारास अमेरिकेंत एक लहानशी घटना घडली होती, आणि लहान कचेऱ्यांच्या दृष्टीनें ती फार महत्त्वाची ठरली. ॲलाबामा प्रांतांत मार्क स्पेन्सर नांवाच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें १९९९ सालीं संगणकांविषयीं लोकांस मदत करणारा एक छोटा व्यवसाय थाटला. गिऱ्हाइकांचे फोन घेण्यासाठीं त्याला कचेरीपुरतें एक्स्चेंज हवें होतें. त्याची किंमत त्याच्या आवांक्याबाहेरची होती. तेव्हां त्यानें साध्या संगणकावर एक्स्चेंजचें काम करणारी आज्ञावली स्वतःच लिहिली, तिला ॲस्टेरिस्क हें नांव दिलें, आणि ती सर्वांस विनामूल्य वापरण्यास व सुधारण्यास खुली केली. फोनच्या बटणांवर जी तारकेची खूण असते, तीच ही ॲस्टेरिस्क. त्याच वर्षीं एस. आय. पी. ह्या नांवानें ओळखली जाणारी, हांक मारण्याची व हांकेस ओ देण्याची एक सामाईक नियमावली प्रसिद्ध झाली. त्यामुळें एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीच्या एक्स्चेंजशीं बोलूं लागला. मुंबईच्या ऑपरेटरनें खुंटीनें आणि स्ट्रोजरच्या यंत्रानें पायऱ्यांनीं केलेलें काम आतां पुस्तकाएवढ्या संगणकांत होऊं लागलें.

आपल्याकडे कायद्यानें ह्या बदलाला जागा देण्यास आणखी कांहीं काळ घेतला. नियामक संस्थेनें ऑक्टोबर २०१७ मध्यें शिफारस केली व जून २०१८ मध्यें दूरसंचार खात्यानें परवान्याच्या अटींत खुलासा केला. आवाज पोंचविणारी परवानाधारक कंपनी एक आणि ज्या इंटरनेटवरून तो जातो त्याची मालक दुसरी, असें असलें तरी चालेल, असा त्याचा मथितार्थ. नोव्हेंबर २०२० मध्यें कॉल सेंटरांवरील नोंदणीची सक्तिही गेली. मात्र एक मर्यादा मुद्दाम ध्यानांत ठेवावयास हवी. परदेशांतून इंटरनेटवर आलेला आवाज परवान्यावांचून देशांतील साध्या फोनांत उतरविणें हा गुन्हा आहे. अशीं चोरटीं एक्स्चेंजें वेळोवेळीं पोलिसांनीं पकडलेलीं आहेत. कचेरीनें आपल्या भिंतींच्या आंत हवें तें करावें. सार्वजनिक फोनशीं जोडतांना परवानाधारक कंपनीच्या दारांतूनच जावें, हा सरळ मार्ग.

आतां हा मध्यस्थ लहान कचेरींत कसा बसतो तें पाहूं. समजा, माळेगांव बुद्रुक येथें एका पतसंस्थेची दहा मेजांची कचेरी आहे. प्रथम मोजावयाचें तें हें कीं एका वेळीं किती जण बाहेर बोलत असतात. दहांपैकीं चार म्हटले तरी पुष्कळ झाले. एका बोलण्यास, पाकिटांवरील पत्ते धरून, सेकंदास ८० ते ९० हजार खुणा जाण्यास व तितक्याच येण्यास लागतात. चार बोलण्यांसाठीं हा भार आजच्या कांचतंतूच्या जोडणीस कांहींच नाहीं. दुसरी गोष्ट मध्यस्थाच्या जागेची. कचेरींतच एक लहान संगणक ठेवून त्यावर ॲस्टेरिस्कसारखी आज्ञावली चालवितां येते. किंवा दरमहा वर्गणी देऊन दुसऱ्या कोणाच्या दूरच्या संगणकावर तें काम सोंपवितां येतें. पहिल्या रीतींत मालकी व कष्ट दोन्ही आपलीं. दुसरींत दोन्ही थोडथोडीं दुसऱ्याचीं. तिसरी गोष्ट बाहेरच्या जगाशीं सांधा. परवानाधारक कंपनीकडून जी जोडणी घ्यावी लागते तिला एस. आय. पी. ट्रंक म्हणतात. जुन्या ट्रंक कॉलमधला ट्रंक हा शब्द असा अजून टिकून आहे.

चौथी गोष्ट नियमांची, आणि खरी गंमत तींत आहे. सकाळीं दहाच्या आधीं कोणी फोन केला तर काय ऐकूं यावें. ठेवींविषयीं विचारणाऱ्यानें कोणतें बटण दाबावें व कर्जाविषयीं विचारणाऱ्यानें कोणतें. रोखपालाचा फोन चालू असेल तर घंटा कोणाकडे जावी. वसुलीस गेलेल्या कारकुनाच्या मोबाइलवर कचेरीचाच फोन कसा वाजावा, हें सारें पतसंस्थेचा चिटणीस एका दुपारीं ठरवूं शकतो. पूर्वीं तारा वाढवावयाच्या तर खात्याकडे अर्ज करून महिनेच्या महिने, कधीं वर्षेंही, थांबावें लागे. आतां अकरावें मेज मांडलें कीं अकरावा फोन त्याच दिवशीं बोलूं लागतो. जुने फोन टाकून द्यावयाचे नसतील तर मध्यें एक छोटी डबी बसवून तेही ह्या व्यवस्थेंत घेतां येतात.

इतकी सोय झाल्यावर पुढें काय, असा प्रश्न साहजिक आहे. ह्याचें उत्तर जुन्या मध्यस्थाच्या न दिसणाऱ्या कामांत आहे. पहिलें काम विजेचें. तांब्याच्या तारेचा फोन आपली वीज एक्स्चेंजमधून घेत असे. तेथें ४८ व्होल्टांच्या मोठमोठ्या बॅटऱ्या व डिझेलचें जनित्र तयार असे; म्हणून गांवांतील दिवे गेले तरी फोन चालू राही. घरांत काळोख असतांनाही डॉक्टरांना बोलावतां येत असे, आणि हें कोणामुळें शक्य होतें ह्याचा विचार कोणी करीत नसे. इंटरनेटवरील फोनला ही सोय नाहीं. वीज गेली कीं राउटर मुका, राउटर मुका कीं दहाही फोन मुके. ग्रामीण भागांत विजेचा लपंडाव कोणास नवा नाहीं. तेव्हां इन्व्हर्टर हा शोभेचा जिन्नस नसून एक्स्चेंजचाच अवयव आहे, आणि त्यावर राउटर, संगणक व फोन हे तिन्ही असावयास हवेत. त्यांतील एक जरी राहिला तरी बाकीचे दोन व्यर्थ.

दुसरें काम दाराचें. मुंबईच्या एक्स्चेंजमध्यें रात्रीं कोणी परका शिरून खुंट्या लावूं शकत नव्हता. कचेरींतील एक्स्चेंज इंटरनेटवर उघडें राहिलें, तर जगांतील कोणत्याही कोपऱ्यांतला चोर त्याचे परवलीचे शब्द रात्रभर चांचपून पाहतो. एखादा सांपडला कीं त्या कचेरीच्या नांवावर महागडे परदेशी फोन लावतो, आणि महिन्याच्या शेवटीं बिल येतें तें कचेरीला. १२३४ असा परवलीचा शब्द म्हणजे उघडी खिडकीच होय. ज्यांना परदेशी फोन करावयाचेच नाहींत त्यांनीं ती वाट मुळांतच बंद ठेवणें शहाणपणाचें.

तिसरें काम अग्रक्रमाचें. पत्र दोन सेकंद उशिरां आलें तर बिघडत नाहीं. आवाजाचें पाकीट उशिरां आलें तर शब्द तुटतो. बोलतांना एका बाजूनें दीडशें सहस्रांश सेकंदांपर्यंतचा उशीर कानाला जाणवत नाहीं. तो वाढला कीं दोघेही एकदम बोलूं लागतात. कोणी मेजावरून मोठें चित्र किंवा चलच्चित्र पाठवीत असतां आवाजाची पाकिटें त्यामागें रांगेंत उभीं राहतात. म्हणून आवाजाला आधीं वाट द्यावी, अशी आज्ञा राउटरला देऊन ठेवावी लागते. आधीं कोणाला सोडावें, हा ऑपरेटरचा जुना प्रश्नच येथें नव्या रूपानें उभा राहतो.

चौथें काम गुप्ततेचें. नव्या व्यवस्थेंत प्रत्येक फोनची नोंद राहते, आणि इच्छा असेल तर प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित करतां येतो. कर्जदाराची अडचण, ठेवीदाराची रक्कम, घरगुती रडगाणें, सारें कचेरींतील एका कपाटांत सांठतें. १८८५ च्या कायद्यानें ऑपरेटरच्या तोंडाला लावलेलें कुलूप आतां पतसंस्थेच्या चिटणीसाला स्वतः लावावयाचें आहे. बोलणें मुद्रित होत असेल तर पलीकडच्या माणसाला तसें आधीं सांगावें, आणि तें कोण ऐकूं शकेल हें लिहून ठेवावें. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला आहेच. परंतु कायदा नसता तरी सभ्यतेची मागणी हीच असती.

पांचवें काम संकटकाळचें. जुना फोन ज्या तारेवर होता ती तार कोणत्या घरांत जाते हें एक्स्चेंजला माहीत असे. इंटरनेटवरचा फोन बारामतींत असतो तसा कारकुनाच्या खिशांतून पुण्यासही जातो. तेव्हां ११२ क्रमांकावर हांक मारणाऱ्यानें आपण कोठें आहों हें प्रथम स्वतः सांगणें, आणि कचेरींत एक साधा मोबाइल वेगळा राखून ठेवणें, ह्या दोन संवयी लावून घ्याव्यात.

हीं पांच कामें कांहीं कोणा लहान कचेरीला न झेपणारीं नाहींत. परंतु तीं कामें आहेत, हें ओळखलें नाहीं तर स्वस्ताई महाग पडते. स्काइपची सेवा २००३ सालीं निघाली, जगभर गाजली व मे २०२५ मध्यें बंद झाली. म्हणजे दूरच्या मध्यस्थावर सर्वस्वीं विसंबणाऱ्यानें तो उद्यां नसेल ह्याचीही तजवीज ठेवावी. आपला क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेतां येईल कीं नाहीं, नियमांची प्रत आपल्याजवळ आहे कीं नाहीं, हें करार करतांनाच विचारावें.

कलकत्ता, मुंबई व मद्रास ह्या तीन शहरांपासून निघालेला मध्यस्थ कित्तूरच्या लहानशा खोलींतून शेवटीं खेड्यांतील कचेरीच्या कपाटावर येऊन बसला. त्याची परदेशी मालकी गेली, सरकारी मक्ता सैल झाला, किंमत पुष्कळच उतरली. आधींच्या पिढ्यांनीं ज्या गोष्टीसाठीं अर्ज केले, रांगा लावल्या व वर्षानुवर्षें वाट पाहिली, ती आज दहा मेजांच्या कचेरीच्या हातांत आली आहे. मात्र पलीकडे फोन करणारा माणूस पूर्वींचाच आहे. पावसाळ्याच्या रात्रीं वीज गेली असतां ज्याला कोणाशीं तरी बोलावयाचें आहे, त्याला यंत्राचा इतिहास नको असतो, ओ हवी असते. ती त्याला मिळावी म्हणून कचेरी बंद करतांना इन्व्हर्टरची बॅटरी भरली आहे ना, हें पाहणारा शिपाई आतां मुंबईच्या त्या जुन्या ऑपरेटरच्या खुर्चीवर बसलेला आहे.